चौथ्या फ्लास्कचा रंग

दादा, तुझा चार नंबरचा फ्लास्क अजून माझ्या फ्रीजमध्ये आहे. वरच्या फळीवर, सोलकढीच्या पातेल्याशेजारी. तोंडाला कापसाचा बोळा, बोळ्यावर कागद, कागदाला रबरबँड, सगळं तू शिकवलंस तसं. लाइट गेले की मी आधी त्याच्याकडे धावते, आणि दाराला हात लावल्यावर आठवतं की फ्रीज उघडला तर उरलासुरला गारवाही जाईल. मग तशीच दाराला हात लावून उभी राहते. वहिनी म्हणते, "वन्सं, त्या बाटलीला काय होतंय? बसा जरा."

मला बसवत नाही. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, नागावच्या वाडीत पुन्हा पाटाला पाणी सुटायला लागलं. सगळं जागच्या जागी येतंय आणि माझ्या पोटातला गोळा काही हलत नाही. त्या फ्लास्कबद्दल मी तुला खोटं सांगितलं, दादा. तू हॉस्पिटलात होतास, तीनच दिवस उरले होते, आणि तू विचारलंस ते एकच होतं. तू काय समजून गेलास, एवढंच मला कळायला हवंय. दुसरं काही नको. पण ते सांगणारा एकच माणूस होता.

सुरुवात भांडणानंच झाली होती, आठवतं? आपल्यात चांगल्या गोष्टीची सुरुवात दुसऱ्या कशानं होणार! तू अलिबागच्या कॉलेजात आयुष्यभर जीवाणू शिकवून निवृत्त झालास आणि घरी बसल्या बसल्या माझ्या रंगाच्या शेडमध्ये नाक खुपसायला लागलास. तुझं घर विहिरीच्या अलीकडे, माझं पलीकडे, तेव्हा तुला यायला वहाणासुद्धा घालाव्या लागत नसत. मी बारतोंडीच्या मुळांचा लाल करत होते. हल्ली इथे प्लॉट पाडताना जेसीबी जी झाडं उपटतो, त्यांची मुळं मी मागून आणते, सोलते, सुकवते, कुटते आणि तांब्याच्या हंड्यात उकळते. तू हंड्यात डोकावलास, वाळत घातलेली एक ओढणी उचललीस आणि म्हणालास, "तुझा रंग पाण्यात उतरतच नाहीये, सुमे. नुसता गाळ फिरतोय. ही बघ, देवी आल्यासारखी दिसते."

मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. राग खोटा नव्हता, कारण म्हणणं खरं होतं. माझ्या लालावर डाग पडायचे. कुठे गडद, कुठे फिका. घ्यायला येणाऱ्या बायकांना मी सांगायचे की हाताचं काम आहे, असंच असतं. तूच एकटा होतास ज्याला हे सांगून भागत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तू वाडीत चहाचा चमचा घेऊन माती उकरतोयस. पाटाच्या कडेची, माडाच्या आळ्यातली, गोठ्यामागची, आणि विहिरीपाठी सुपारीच्या सालींचा जो ढीग वर्षानुवर्षं कुजतोय त्याखालची. चार पुड्या, चार नंबर. मला वाटलं, म्हाताऱ्याचं फिरलं. मग तू मला ओसरीवर बसवून समजावलंस. झाडाचा रंग पाण्याला बिचकतो, म्हणालास, आणि साखर पाण्याची मैत्रीण. रंगाला साखर जोडून दिली की तो तिच्यामागून पाण्यात उतरतो आणि कापडभर सारखा पसरतो. झाड जिवंत असताना मुळात हेच करतं. आपण सुकवतो, कुटतो, तोवर ती जोडणी तुटते. काही जीवाणूंना ती पुन्हा जोडता येते. त्यांना रंग द्यायचा, साखर द्यायची, ऊब द्यायची आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसायचं म्हणताना तू माझ्याकडे बघितलंस.

तशी मी समजले होते बरं का. साखर जोडायची आणि रंग विरघळवायचा, एवढं माझ्यासारख्या अकरावी झालेल्या बाईलाही कळतं. पण त्या मातीतले जीवाणू वाढवून, ज्या पाण्यात ते वाढतात त्या रश्श्यात माझा बारतोंडीचा लाल घातल्यावर काय दिसायला हवं, हे तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. मी कितीदा विचारलं. तू म्हणायचास, "सांगितलं की तू तेच बघशील. नाही दिसलं तरी दिसलं म्हणशील. तुला ओळखतो मी. तू फक्त रोज रंग बघायचा आणि सांगायचा." केवढी चिडले होते मी. वीस वर्षं रंगात हात बुडवलेली बाई, आणि तिला हा शहाणा सांगतो की तुझ्या डोळ्यांवर भरवसा नाही! डोळ्यांवर आहे, म्हणालास. तोंडावर नाही.

आणि ती वही. तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही, समासात दोन खुणा. स्वतः पाहिलं असेल तर 'पा', कुणाकडून ऐकलं असेल तर 'ऐ'. फ्लास्कपुरती असती तर एक वेळ ठीक होतं. पण घरात सगळ्यालाच ती मोजपट्टी. मी म्हणावं, समोरच्या वाडीत रिसॉर्ट होतंय म्हणे, की तू जेवता जेवता विचारणार, "पा का ऐ?" वहिनी म्हणाली, श्रीवर्धनची सुपारी औंदा चांगली हाय, की "पा का ऐ?" एकदा तिनं तुझ्या पानात आमटी वाढून विचारलं, "मीठ बरोबर हाय न्हवं? का चाखल्याबिगर ऐ लिवताव?" तू इतका हसलास की ठसका लागला. तो ठसका मला तेव्हाच खटकला होता. बोलले मात्र नाही.

माझं हेच. वाईट काही माझ्या तोंडून बाहेर पडत नाही. तू याला माझा रोग म्हणायचास, मी माया म्हणायचे, आणि हे भांडण आपलं पंचेचाळीस वर्षं चाललं. त्याचं मूळ ते पत्र. पुण्याच्या कॉलेजचं, तुझ्या पहिल्या अर्जाचं. घरात गणपती होते, तू मखराला कागद चिकटवत होतास, पोस्टमन आला आणि पत्र माझ्या हातात पडलं. मी फोडून वाचलं. पहिल्याच ओळीत नकार होता. गौरी-गणपतीचा सण, तुझा तो हसरा चेहरा, मी पत्र तांदळाच्या पिंपात घातलं आणि विसर्जन झाल्यावर काढून दिलं. खाली काय लिहिलंय ते मी वाचलंच नव्हतं. खाली लिहिलं होतं की दुसरी एक जागा आहे, आठ दिवसांत कळवा. आठ दिवस उलटून गेले होते.

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू पत्राला लागलेलं पीठ झटकलंस आणि एवढंच म्हणालास, "बातमी वाईट आहे का चांगली, हे ठरवणारी तू कोण? तू फक्त द्यायची." मग पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाहीस. पुढे कितीदा तू हे वाक्य मला ऐकवलंस आणि कितीदा मी उलट बोलले, की सणाच्या दिवशी माणसाचं तोंड उतरवणं म्हणजे काय खरेपणा? एक गोष्ट मात्र मी तुला कधीच सांगितली नाही. ती आता सांगते. ते पत्र वेळेवर मिळालं असतं तर तू पुण्याला गेला असतास. तू इथेच राहिलास, विहिरीच्या अलीकडे, याचा मला आतून आनंद झाला होता. तुझं नुकसान झालं आणि मला बरं वाटलं. अशी आहे तुझी मायाळू बहीण.

तर तुझे चार फ्लास्क. वहिनीच्या शिलाई मशीनची मोटर काढून तू फळीला लावलीस आणि ते दिवसभर खडखड हलत राहिले, कारण जीवाणूंना हवा लागते. वहिनी ब्लाउज हातात घेऊन दारात उभी, "माझी मोटार द्या अगोदर, तुमचे किडे राहूं देत घटकाभर." तू तिला काही केल्या मोटर दिली नाहीस. आणि शेजारच्या फळीवर ती बरणी. तिच्यावर तुझ्या अक्षरात चिठ्ठी, 'बदाम. खाऊ नयेत. सुमीने तर नाहीच.' मी पाच खाल्ले. तू ओळखलंस. बहिणीपेक्षा बदाम जास्त झाले का, असं मी म्हणाले, आणि रंगाच्या कामात बदाम कशाला, असंही विचारलं. तेही सांगितलं नाहीस.

पहिल्या तीन खेपा फुकट गेल्या. लाल तसाच्या तसा राहिला, खाली गाळ बसला. चौथी खेप लावलीस त्याच आठवड्यात तुला पनवेलला न्यावं लागलं. रिक्षा थांबवून तू परत आलास, धाप लागली होती, भिंतीला धरून उभा राहिलास आणि मला म्हणालास, "मोटर बंद पडली तर हातानं हलव. तासाला एकदा. आणि रोज रंग बघ. चार नंबरवर लक्ष ठेव." सुपारीच्या ढिगाखालच्या मातीचा तो चार नंबर. तुझी त्याच्यावर मदार आहे हे मला तेव्हाच कळलं.

वहिनी तुझ्याजवळ राहिली. मी इकडे. पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या माझ्या दोन खोल्या आधीच दिलेल्या होत्या, मुंबईचं कुटुंब आलं होतं, त्यांना काय सांगणार, आणि फ्लास्क कोण हलवणार? या दोन सबबी मी स्वतःला रोज सकाळी सांगत होते. खरं सांगू? मला यायची भीती वाटत होती. हॉस्पिटलच्या कॉटवर तू कसा दिसतोस ते मला बघायचं नव्हतं. रविवारी पाहुणे गेले की येते, असं मी सांगितलं होतं. फोन वाजला की हातातलं भांडं खाली ठेवायच्या आधी मी देवाचं नाव घ्यायचे. लाइट सारखे जात होते, मोटर थांबत होती, म्हणून दर तासाला शेडमध्ये जायचे, एकेक फ्लास्क पन्नास वेळा फिरवायचे, आणि फिरवताना मनात एकच, की लाल राहू दे बाबा, लाल राहू दे.

मंगळवारी सकाळी बघितलं. एक, दोन, तीन लाल. चार नंबर पिवळा. लिंबाच्या सरबतासारखा स्वच्छ पिवळा, गाळ नाही, काही नाही. मला वाटलं, त्या जीवाणूंनी रंग खाऊन टाकला. किंवा माझ्याकडून हलवण्यात काही चुकलं. रंगाऱ्याच्या हंड्यातला लाल नाहीसा होणं म्हणजे काय, ते मला विचार. आदल्याच दिवशी वहिनी फोनवर रडत म्हणाली होती, "डाक्टर म्हनतात, आता दिवस मोजायचे."

चार वाजता तुझा फोन आला. आवाज असा बारीक, जसा पाटाच्या दुसऱ्या टोकावरून यावा.

"सुमे, चार नंबर?"

मी म्हणाले, "लाल आहे, दादा. छान लाल. कुंकवासारखा."

मला तुझा श्वास ऐकू येत होता.

"नक्की?"

"नक्की."

"बरं," म्हणालास. "फेकू नकोस. झाकून फ्रीजमध्ये ठेव."

मी फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. शप्पथ, हलकं वाटलं. म्हटलं, जाता जाता माझ्या भावाला समाधान दिलं. देवापुढे दिवासुद्धा लावला. शुक्रवारी सकाळी तू गेलास. रविवार यायचाच होता.

दिवसांच्या धामधुमीत तो फ्लास्क मी विसरले होते असं म्हणणार नाही. रोज फ्रीज उघडत होते, रोज तो दिसत होता. ओतून टाकावा असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तुझं 'फेकू नकोस' आडवं आलं. तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी नसीमा मॅडम आल्या. तुझ्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या त्या, श्रीवर्धनच्या. तुझ्याशी कागदावर सूत्रं काढत बसायच्या आणि मी चहा आणला की दोघंही कागद उलटा करायचात, त्या. वहिनीजवळ बसल्या, डोळे पुसले, मग माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या. मी त्यांच्यासाठी सोलकढी काढत होते. फ्रीजच्या उघड्या दारातून त्यांनी तो बघितला.

"सुमनताई, हा चार नंबर?" त्यांचा आवाजच बदलला. "पिवळा आहे हा!"

मी म्हणाले, "हो, बिघडला तो."

"बिघडला? अहो, झालं ना काम! साखर बसली की लाल जातो आणि पिवळा होतो. सर याचीच तर वाट बघत होते. तुम्ही सांगितलंत ना सरांना?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले? केवढे खूश झाले असतील."

मी सोलकढीचा पेला ओट्यावर ठेवला, दादा. लाल राहिला म्हणजे साखर बसली नाही. लाल म्हणजे काम फसलं. मी तुला मरणाच्या दारात सांगितलं होतं की तुझं काम फसलं, आणि वर देवाला दिवा लावला होता. आणि दोनदा सांगितलं. नक्की म्हणून सांगितलं.

मी तिथेच फरशीवर बसून त्यांना सगळं सांगितलं. "या अल्लाह," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याजवळ बसल्या. "तुम्ही तसल्लीसाठी बोललात, ताई." माझ्या तसल्लीनं आजवर काय काय केलंय ते त्यांना कुठून माहीत असणार? सगळ्यात जास्त जाळणारी गोष्ट तर निराळीच. बारतोंडीचं ताजं मूळ सोललं की आतून पिवळं असतं, दादा! वीस वर्षं मी सोलतेय. झाड मुळात रंगाला साखर जोडून ठेवतं, हे तू मला ओसरीवर बसवून सांगितलंस. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात होत्या आणि त्यांची एकमेकींशी गाठ काही मी घालून दिली नाही. मला लाल हवा होता, म्हणून तुलाही लालच हवा असणार, असं मी धरून चालले.

नसीमा मॅडम त्या पहिल्या आनंदावरच थांबल्या नाहीत, हे मात्र सांगायला हवं. तुझ्याच पठडीतल्या. म्हणाल्या, रस्सा आंबला तरी पिवळा दिसतो, आधी बघू. आता हे काय नवीन, म्हणून माझ्या काळजीला आणखी एक फांदी फुटली. आधी वाटत होतं, तू हे न कळताच गेलास. आता वाटायला लागलं, कळण्यासारखं काही झालंच नसेल तर? कुठलं बरं, ते मला ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी त्या आंबटपणा बघायचे कागद घेऊन आल्या. आंबलेलं नव्हतं. मग गाळणकागदाच्या पट्टीवर एक थेंब माझ्या जुन्या लालाचा आणि शेजारी एक चार नंबरचा टाकून पट्टीचं टोक पाण्यात धरलं. पाणी वर चढत गेलं. लाल ठिपका होता तिथेच बसून राहिला, माझ्या हंड्यातल्या गाळासारखा. पिवळा पाण्याबरोबर चालायला लागला. कागदावर बोटभर वर गेला. मी दोन्ही हातांनी टेबल धरून ठेवलं होतं.

"आता बदाम कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला ते कळलं, तेही तू गेल्यावर. साखर जोडून ठेवली तर लाल झोपलेला राहतो. कापडात सगळीकडे पोचल्यावर ती साखर पुन्हा तोडावी लागते, आणि ती तोडणारं काहीतरी बदामात असतं. भिजवून, वाटून, गाळलेलं बदामाचं दूध. तुझी ती बरणी मी काढली. पाच कमी होते. उरलेल्यांना कीड लागली असेल म्हणून एकेक फोडून बघितला. मी हिरड्यात आणि तुरटीत भिजवून वाळवलेला हातभर सुती तुकडा घेतला. मॅडमनी फ्लास्कमधलं अर्धं पाणी गाळून घेतलं, अर्धं तुझ्या जीवाणूंसकट तसंच परत झाकून ठेवलं. तुकडा त्या पिवळ्या पाण्यात बुडवला, वर बदामाचं दूध ओतलं आणि पातेलं कोमट पाण्यात ठेवलं.

सकाळी दहाला ठेवलं. अकरा वाजता पिवळंच. बाराला पिवळंच. वहिनी येऊन उभी राहिली, पदराचं टोक दातात धरून. मी दर पाच मिनिटांनी झाकण काढत होते आणि मॅडम दर पाच मिनिटांनी ते परत ठेवत होत्या. जेवण कुणालाच गेलं नाही. दीडच्या सुमाराला तुकड्याच्या एका कडेला थोडं नारिंगी दिसलं. मला वाटलं, खिडकीतला उजेड असेल. मग ते सगळ्या तुकड्यावर एकदम यायला लागलं, कुठून सुरू झालं आणि कुठे गेलं असं नाही, सगळीकडून सारखं. साडेतीनला मी तो वर काढला, विहिरीच्या पाण्यात धुतला आणि माडाखाली दोरीवर टाकला. लाल, दादा. एक डाग नाही. वहिनीनं जवळ जाऊन बोट लावलं आणि म्हणाली, "ह्याला देवी न्हाय आली."

त्या दोघी हसल्या. मला रडू आलं. कारण हे बघायला तू हवा होतास, आणि तू नुसता नव्हतास असं नाही, तुला मी उलटं सांगून पाठवलं होतं.

त्या संध्याकाळी मी वहिनीलाही सांगितलं. मला वाटलं, ती बोलेल मला. तुझ्या शेवटच्या दिवसांत तुझ्याजवळ तीच होती, तो चेहरा तिनं बघितला होता. मी विचारलं, "फोन ठेवल्यावर दादा काय म्हणाला? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको."

"कायबी न्हाय बोलले," ती म्हणाली. "डोळं मिटून पडले जरा वेळ. मंग वही मागितली."

वही! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हॉस्पिटलची पिशवी तिनं तशीच खुंटीला टांगून ठेवली होती, रिपोर्ट, फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि मध्ये तो निळा पुठ्ठा. "त्यांच्यानं लिवनं होईना. म्हून मी लिवलं, त्यांनी सांगितलं तसं." वही तिनं माझ्या पुढ्यात ठेवली आणि मला ती उघडवेना. आतापर्यंत निदान मला माहीत नव्हतं. आत 'फसलं' असं लिहिलेलं असेल तर ते जन्मभर माहीत असणार. शेवटी वहिनीनंच पान काढून दिलं.

तिचं ते मोठं, शाळेतलं अक्षर. त्या मंगळवारची तारीख. 'फ्लास्क ४. रंग लाल. सुमीने फोनवर सांगितलं.' समासात 'ऐ'.

त्याखाली, समासात, 'पा'. आणि पुढे ओळ कोरी.

मी वहिनीकडे बघितलं. "ही कोरी का?"

"त्यांनीच सोडाया सांगितली. म्हनाले, ही ओळ मोकळी ठेव. सुमी आली की तिच्या हातानं भरंल."

यावरून तुला माझं खोटं कळलं होतं, असं मी म्हणणार नाही, दादा. म्हणावंसं फार वाटतं. वहिनी तसंच म्हणते, मॅडमही तसंच म्हणाल्या, तुमच्या आवाजावरून ओळखलं असेल हो सरांनी. असेलही. पण कुणाचंही ऐकलेलं तू 'ऐ'च लिहायचास, मग ते माझं असो की कलेक्टरचं. तू डोळे मिटून पडलास तेव्हा तुझ्या मनात काय होतं, ते मी पाहिलेलं नाही. स्वतःला गोड काहीतरी सांगून गप्प बसवायचं, तर मी काहीच शिकले नाही असं होईल. हा गोळा आता माझ्या पोटातच राहणार आहे आणि तो राहू दे. तू मला जागा ठेवलीस, एवढं मात्र पाहिलेलं आहे.

जीवाणू जिवंत आहेत. मॅडमनी त्यातले थोडे नव्या रश्श्यात घालून बघितले, दोन दिवसांत तोही पिवळा झाला. वहिनीनं मोटर मागितलेली नाही.

आज सकाळी मी ओसरीवर बसून तुझंच पेन घेतलं. खालच्या ओळीवर लिहिलं, 'फ्लास्क ४. पिवळा. स्वच्छ, गाळ नाही.' तारीख आजची घालणार होते, मग थांबले. मी पाहिलं ते आज नाही. त्या मंगळवारीच पाहिलं होतं, सकाळी, तुझा फोन यायच्या आधी. तीच तारीख घातली आणि खाली सही केली.

दादा, चार नंबर पिवळा आहे.